गौरीच्या दिवशी अकरा मांजरं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि मी पोटातलं सगळं आपल्यालाच सांगते असं जिला वाटतं त्या मैत्रिणीला तर नाहीच. तुला सांगते आहे, पण एक अट आहे. मध्येच 'होतं गं असं' म्हणायचं नाही. त्या तीन शब्दांचा मला फार राग आहे. ते शब्द म्हणणारा माणूस चांगला असतो, मान्य — पण ते ऐकून आपण जे सुस्कारा टाकून मोकळे होतो ना, त्याची मला किळस येते. आणि असं होत नाही. असं आपण करतो.

मी मांजरं बनवते. खरी नव्हे, संगणकातली. परळच्या एका संशोधन संस्थेत मी तेव्हा नवीन लागले होते. काम असं — पडद्यावर एक गल्ली, गल्लीत चाळीस मांजरं, आणि प्रत्येक मांजराला एक आठवण: आपल्याला कुठे खायला मिळालं होतं. ती आठवण रोज थोडी थोडी पुसट होत जाते. किती वेगानं पुसट होते, तो एक आकडा. मी त्याला विसराचा आकडा म्हणायचे. तो कमी-जास्त केला की मांजरांचं सगळं वागणं बदलायचं. माझ्या हिशेबानं चांगलं जगणारं मांजर चौदा दिवसांत जुनी जागा साफ विसरत होतं, आणि विसरल्यामुळेच नवीन जागा शोधायला निघत होतं. विसरतो तो जगतो — हे वाक्य आमच्या सरांना इतकं आवडलं, की त्यांनी ते परदेशातल्या एका सभेत आधीच बोलून टाकलं होतं. म्हणजे बारशाआधीच पेढे वाटून झाले होते.

आणि मग कदममामा.

आमच्याकडे शिपायांना मामा म्हणायची पद्धत. तेही सगळ्यांसारखेच मामा. खेडकडचे, लालबागला चाळीत राहायचे, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. एकदा चहा ठेवताना पडद्याकडे बघत उभे राहिले, आणि म्हणाले, "ताई, तुमची मांजरं येगळीच आहेत. आमच्या गल्लीतली अशी नाय वागत."

मी हसले. मग त्यांना एक दोनशे पानी वही दिली. म्हटलं, तुमची कशी वागतात ते लिहा.

लिहिलं की त्यांनी! त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी हिरा म्हणून एक कोळीण मासळी घेऊन बसायची. मामा रोज सकाळी साडेसहा ते आठ तिच्या बाजूच्या ओट्यावर बसून कुठलं मांजर आलं, किती वेळ थांबलं, काय मिळालं ते लिहायचे, आणि मग चालत परळला कामावर यायचे. मांजरांना नावं होती. कानफाटी, काळतोंड्या, लंगडी, आणि एक जाडजूड पांढरा बोका — त्याचं नाव मास्तर. तारीख, वेळ, वार, सगळं. नवं अक्षर शिकलेल्या माणसासारखं एकेक अक्षर सुटं, ठसठशीत. एक दिवस खाडा नाही. घरात कुणी आजारी असलं तर तेही लिहिलेलं — 'आज पाच मिनिटं उशीर, हिला ताप.' माझ्या पीएच.डी.च्या वह्या इतक्या नीट नव्हत्या.

मग श्रावण आला. त्या गल्लीत सगळी कोकणातली घरं, श्रावण पाळणारी. त्यामुळे हिरा आषाढाच्या अवसेला पाटी उचलायची ती थेट गणपतीनंतरच बसायला यायची. म्हणजे पाच आठवडे त्या जागी मासळीचा एक काटा नाही. मला तर हवंच होतं ते! आयती परीक्षा. मामांना म्हटलं, तुम्ही रिकाम्या जागेपाशीही बसा. कुठलंच मांजर येणार नाही, तेच लिहायचंय.

भाद्रपद संपता संपता त्यांनी वही आणून दिली. मी घरी नेली, गिरगावात, आणि शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर वाचायला बसले.

मांजरं येत होती. सगळा श्रावणभर. रोज नाही, पण दोन-चार दिवसांआड कानफाटी यायची, त्याच जागी, हिराच्या वेळेला. बघायची, क्षणभर बसायची, निघून जायची. मास्तरही यायचा. मग मला खरा धक्का बसला तो पुढच्या नोंदीनं — 'गौरी पूजन. स. ७.१०. हिरा आली. चिंबोरी, बोंबील. मांजरं ११. कानफाटी पहिली. पाटी टेकायच्या आत.'

अकरा. पाच आठवड्यांनी. माझा आकडा चौदा दिवसांचा.

मी तो आकडा वाढवून पाहिला बरं का. सोमवारी सकाळीच. मामांच्या मांजरांएवढी आठवण माझ्या मांजरांना देऊन पाहिली, तर ती वेडी त्या रिकाम्या जागेवर ठाण मांडून बसली आणि पडद्यावर एकामागून एक उपाशी मेली. कानफाटीला जमत होतं ते त्यांना जमत नव्हतं — जागा लक्षात ठेवायची, पण तिच्यावर पोट नाही ठेवायचं. डोकावून जायचं. आठवण आणि भूक अशा दोन वेगळ्या गोष्टी असतात, एवढी साधी बाब माझ्या कामात बसतच नव्हती. पाया चुकला होता. सगळं उकलून पुन्हा विणायला हवं होतं, आणि सर मात्र पेढे वाटून बसले होते.

आता इथे मी स्वतःला नऊ वर्षं काय सांगत आले ते ऐक.

मी गिरगावातल्या शाकाहारी घरातली. आमच्याकडे चातुर्मासात कांदासुद्धा घरात येत नाही. गणपतीच्या दिवसांत मासळी — ही गोष्ट माझ्या डोक्यातच येऊ शकत नव्हती. गौरी म्हणजे पुरणपोळी, सोळा भाज्या, हळदीकुंकू. गौरीच्या दिवशी चिंबोऱ्या? छे! मला वाटलं, मामांनी तारखेचा घोळ घातला. हा दिवस विसर्जनानंतरचा असणार, आणि ही एक तारीख चुकली असेल तर बाकीच्यांचं तरी काय खरं? श्रावणातल्या म्हणून लिहिलेल्या नोंदी आषाढातल्या असतील, मागाहून आठवून लिहिलेल्या. प्रामाणिक गैरसमज. माझ्यासारखीच मुलगी करेल अशी चूक, आमच्यासारख्याच घरातली. काय छान कारण आहे नाही? सोवळ्यात गुंडाळलेलं.

हे कारण घेऊन मी सरांकडे गेले. म्हटलं, वहीत घोळ आहे. आणि मग — उचलली जीभ, लावली टाळ्याला — म्हटलं, "मामा हल्ली विसरतात."

सरांना तेवढंच हवं होतं. त्यांनी मामांना आत बोलावलं. वाईट नाही बोलले ते. वाईट बोलले असते तर बरं झालं असतं, मामा तरी चिडले असते. सर अगदी मऊ आवाजात म्हणाले, मामा, वय होतं माणसाचं, तुमच्या वहीत तारखा चुकल्यात, एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या, आणि सकाळचं हे मांजरांचं काम आता नको.

मामा दाराशी उभे होते. हातात रिकामा ट्रे. त्यांनी एकच गोष्ट विचारली, आणि सरांना नाही, मला. "कुठली तारीख चुकली, ताई?"

बघ ना. एका तारखेचा तर प्रश्न होता. मी म्हटलं असतं, "गौरीच्या दिवशी मासे लिहिलेत हो तुम्ही," तर ते मोठ्यानं हसले असते. पाच मिनिटांत सगळं मिटलं असतं. माझं मिटलं असतं म्हणजे.

मी म्हटलं, "बऱ्याच आहेत, मामा."

एकच होती. मी म्हटलं, बऱ्याच आहेत. एका चुकीशी माणूस भांडू शकतो. 'बऱ्याच' म्हटल्यावर कशाशी भांडणार? ते ट्रेकडे बघत मान हलवत राहिले. बाहेर जाताना दार लावायला विसरले, आणि सरांनी माझ्याकडे बघितलं — पाहिलंस? अशा अर्थानं. आणि मी मान डोलावली.

आमचा लेख छापून आला. मला कायमची नोकरी मिळाली. चौदा दिवसांचा तो आकडा आता मुलं माझ्याकडून शिकतात.

मामांचं काय झालं तेही सांगते. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले काही झालेलं नाही, ठणठणीत आहात. मामांना वाटलं, डॉक्टर आपलं मन राखायला बोलतायत. त्यांनी खिशात चिठ्ठ्या ठेवायला सुरुवात केली. चहा कुणाला बिनसाखरेचा, किल्ली कुठल्या खिळ्याला — तीस वर्षं जे हातांना पाठ होतं, ते कागदावर. आणि कागद शोधताना गडबड व्हायची, की लोक म्हणायचे, बघा, मामा विसरले. हे मी रोज बघत होते. चिठ्ठी शोधताना ते एकामागून एक सगळे खिसे उलटे करायचे, आणि मी माझ्या पडद्यावरच्या मांजरांकडे तोंड फिरवायचे. भित्री! दुसरा शब्द नाही. नातीला बालवाडीतून आणायचं काम मामांचं होतं, शनिवारचं. ते मुलानं काढून घेतलं. मामींनी मला स्वतः सांगितलं हे, पदर डोळ्यांना लावून नव्हे — अगदी सहज, भाजी आणायची आठवण करावी तसं. "रस्त्यात पोरीला विसरून आले तर काय घ्या ताई."

ते कधीही कुणाला रस्त्यात विसरलेले नाहीत. एकदाही नाही.

मामींनी हे सांगितलं तो दिवसही गौरीचाच. पुढच्या वर्षीचा. मामांनी मला घरी बोलावलं होतं — हो, बोलावलं होतं, त्यांच्या मनात माझ्याविषयी काहीच नव्हतं. एका खोलीत गणपती, शेजारी उभी गौर, आणि दोघांच्या मधे जुन्या साडीचा पडदा. का, तर गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो आणि तो गणपतीला दिसू नये. ताटात वडे, मटण, आणि बाजूच्या वाटीत चिंबोरीचं कालवण. खाली गल्लीच्या तोंडाशी हिरा बसलेली मी येतानाच पाहिली होती. एका दिवसापुरती. मांजरांचा घोळका होताच.

मी म्हटलं, "अय्या, गौरीला मासे?"

मामा म्हणाले, "होय ताई, आमच्यात असतं. तुमाला कधी सांगितलं नाय वाटतं मी?" आणि मग स्वतःशीच म्हटल्यासारखं, "का सांगितलेलं? आता माझा काय भरवसा."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं. आपण सांगितलं होतं की नव्हतं? एवढंच.

मी म्हटलं, "नाही मामा. नाही सांगितलंत."

तू अजून गप्प आहेस ना? राहा. कारण आतापर्यंत तुला वाटत असेल, बिचारीला पहिल्यांदा माहीत नव्हतं, मग कळलं तेव्हा सांगायचं धाडस झालं नाही. भित्रेपणा, पण माणसासारखा. मीही तुला मुद्दाम तसंच सांगत आले. ते सोवळं कारण मघाशी केवढ्या थाटानं मांडलं मी! नऊ वर्षांची सवय आहे, जीभ आपोआप तिकडे वळते.

मला माहीत होतं.

त्या नोंदीचं पान उलटलं की पुढच्या पानावर, वरच्या कोपऱ्यात, चौकट करून लिहिलं होतं — 'ताईंसाठी. आमच्यात गौरीला तिखटा असतो. म्हणून हिरा एकच दिवस येते. मग विसर्जनानंतर रोज. तुमच्यात नसतं म्हणून लिहिलं.'

तुमच्यात नसतं म्हणून लिहिलं. त्या माणसानं माझ्या अज्ञानाची काळजी माझ्याआधी केली होती. आणि ते मी वाचलं होतं. त्याच शनिवारी, त्याच दुपारी, सरांकडे जायच्या आधी. वाचलं, दोनदा वाचलं, आणि वही मिटली. सरांना मी फक्त आधीचं पान दाखवलं. पुढचं उलटू दिलं नाही, बोट ठेवून बसले होते पानावर. सर म्हणाले, ही वही टाकून दे. मी घरी आणली. प्रामाणिकपणा म्हणून नाही — दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नये म्हणून.

म्हणजे ते 'अय्या'ही नाटक होतं. गौरीसमोर, त्यांच्या घरात, त्यांच्या हातचा वाढलेला शिरा खात. कारण तिखट तर मी खात नाही ना! माझं सोवळं सांभाळायला मामींनी माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात शिरा केला होता.

मला कधी कधी सरांचा राग येतो. मग कळतं की तो राग सोयीचा आहे. कधी मामांचाच येतो — हो, येतो! इतका कसा विश्वास ठेवलात हो एका पोरीच्या शब्दावर? स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं, स्वतःच्या हातानं लिहिलेलं, आणि मी दोन शब्द बोलले तर सगळं खोटं? डॉक्टर ठणठणीत म्हणतो ते खोटं आणि मी म्हणते ते खरं? शिकलेल्या बाईचा शब्द म्हणून? हा राग आला की मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले. वही पिशवीत होती. ठरवून गेले होते, यावेळी वही समोर ठेवायची आणि सांगायचं. चाळ पाडून तिथे टॉवर झालाय, मामा अकराव्या मजल्यावर. खालच्या गल्लीच्या जागी गाड्या लावायची जागा. हिरा नाही, ओटा नाही, एक मांजर दिसलं नाही. म्हणजे आता कुणी पुन्हा मोजायला गेलं, तरी मामा बरोबर होते हे सिद्ध करायला ती वही सोडून जगात काही उरलेलं नाही. आणि वही माझ्याकडे.

मामा खिडकीपाशी खुर्चीत होते. फ्रिजवर, कपाटावर, गॅसच्या वर चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. त्यांनी मला लगेच ओळखलं. माझ्या आईच्या गुडघ्याचं विचारलं, माझ्या मुलाची इयत्ता बरोबर सांगितली. चहा आला. मी पिशवीत हात घातला, वहीचा कडक पुठ्ठा बोटांना लागला.

तेवढ्यात तेच म्हणाले, "ताई, एक इचारायचं होतं. लय वर्षं डोक्यात आहे. ती कुठली तारीख चुकली होती माझी?"

नऊ वर्षं. त्या माणसानं एवढा एकच प्रश्न जपून ठेवला होता. कुठल्याही चिठ्ठीवर लिहिलेला नव्हता.

हात पिशवीत होता माझा. वही हातात होती.

मी म्हटलं, "आठवत नाही हो, मामा."

त्यांना वाईट वाटलं. स्वतःचं नाही, माझं. खुर्चीतून पुढे वाकून त्यांनी माझ्या हातावर थोपटलं, जो बाहेर होता त्या हातावर, आणि अगदी हळू, मामींना ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाले, "तुमाला पण व्हायला लागलं काय? घाबरू नका. लिवून ठेवत जा."

आणि त्यांनी आपल्या खिशातून कोऱ्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा काढून मला दिला. मी तो घेतला. 'थँक्यू मामा' म्हटलं, चहा संपवला, आणि लिफ्टनं खाली आले.

गौरी पूजन होतं, मामा. सकाळी सात वाजून दहा मिनिटं. मांजरं अकरा, कानफाटी पहिली. चुकलेली तारीख एकही नाही. हे मी तुमच्याच चिठ्ठ्यांवर लिहिते आहे, आणि वही समोर उघडी आहे.